आमची मशीन अन् माझा फाटका गळा

नाई नाई नाई, तो माईक सरकवू नका माझ्याकडे! ठेवा तिकडंच... अजून मागं... हं. मी अशीच बोलते. त्या कोपऱ्यातल्या मावशीले आयकू येऊन राहिलं ना? येऊन राहिलं! मंग झालं तं! अवं, माझं माहेर आंधळगाव. कोष्टीपुऱ्यात घरोघरी माग, सारे एकदम खटखट खटखट चालत, अन् त्या खटखटीच्या वरून मी गल्लीच्या त्या टोकाहून 'आली वं माय' म्हनो, का माझ्या मायले घरात आयकू जाये. असा गळा! अन् ह्या गळ्याले... तुमाले सांगते, ह्या गळ्याले माझ्या सासरचं सारं मोहाडी गाव म्हने, फाटला! 'शालूबाईचा गळा फाटला.' लुगडं हाये का ते फाटाले?

आता हे सुरू कोठून झालं, तं आमच्या ह्यायच्या मशीनपासून. मशीन म्हंजे पोंग्याची, कर्ण्याची मशीन, अँप्लिफायर. आमचे हे, घनश्याम, विनकराच्या घरचे, पन मागावर बसाचा पहिल्यापासून कंटाळा. गोंदिया वेगळं निघालं ना, आपला भंडारा जिल्हा तुटला, त्याच साली ह्यायनं बापाचा माग गुंडाळला अन् बिछायत केंद्र खोललं. लगनाकार्याले भाड्यानं द्याच्या ताडपत्र्या, गाद्या, सैपाकाचे गंज, बगोने, अन् साऱ्याच्या मधात ही मशीन. सकाळी उठलं का फडकं घेऊन मशीन पुसाची, दिवा लागला का तिले अगरबत्ती ओवाळाची, अन् कोनी हात लावला का, 'हां हां, गरम हाये!' भर पौषात गरम! मले ताप आला तं हे मले म्हनत, 'पानी पी.' अन् मशीनचा पंखा थांबला तं स्वतः जेवत नोहते.

अन् मी कोन? मी आमच्या महिला खंजिरी भजन मंडळाची गाननारी. समोर मी, मागं साऱ्या बाया टाळ घेऊन, अन् बाजूले माझी सासू, देवकाबाई, खंजिरी घेऊन. आता सासूची खंजिरी म्हंजे काय सांगू... तिच्या चकत्या अशा चुरचुरीत, का नुसती उचलली तरी छन्न वाजे. अन् ती माईकच्या तोंडाले लावूनच वाजवाची! मी म्हनो, 'आत्याबाई, जराशी मागं घ्या ना.' तं म्हने, 'काहून वं? देवाले आयकू जाऊ नाई का?' आता देव काय नागपूरले राह्यते का? पन बोलनार कोन!

तं होये काय, आयका बरं. घरी गायली, गळा ठनठनीत. देवळात सराव केला, ठनठनीत. कार्यक्रमात पहिल्या ओळीले, तेही ठीक. पन भजन रंगलं, मी वर चढली, अन् बाजूनं आत्याबाईनं खंजिरी झटकली, का पोंग्यातून... खर्रर्रर्र! सुपात खडे घोळल्यावानी! माझा सूर कोठी गेला, शब्द कोठी गेले, काही पत्ता नाई. पहिल्यांदा झालं तेव्हा मी भर भजनात दचकली. म्हटलं, अवं माय, हे कोन वरडून राहिलं? पाह्यते तं मीच!

अन् गंमत पाहा. आमच्या मागून दुसऱ्या गावचं मंडळ बसे. तीच मशीन, तोच माईक, तशाच खंजिऱ्या... अन् त्यायचा आवाज कसा, तं निवडलेल्या तांदळावानी साफ! दंडारीच्या नाचाचे गडी येत, ढोलकी बडवत, धडाम धडाम, आयकनाऱ्याची छाती हालून जाये, पन खर्र? नाव नको! खर्र फक्त माझ्याच वेळी! मंग लोकं काय म्हनतीन? मशीन तं साऱ्याइले सारखी. फाटला असन तं शालूबाईचाच गळा फाटला असन. मीही म्हटलं, असन बाप्पा. आता सांगा, यात माझ्या गळ्याचा काय कसूर?

मंग उपाय सुरू झाले. सासूनं काढा केला. अडुळसा, जेष्ठमध, मिरे, अन् अजून काय काय, ते ती सांगे ना. असा कडू, असा कडू, का पेला पाह्यला तरी माझं तोंड वाकडं होये. 'पी वं, पी. आमच्या घरान्यात कोनाचा गळा फाटला नोहता.' म्हंजे तोही मीच फाडला! मंग नजर झाली म्हनून मिरच्या ओवाळल्या अन् चुलीत टाकल्या. त्याचा ठसका असा लागला, का बरा होता तो आवाजही बसला. मंग हे मले भंडाऱ्याले डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनं बॅटरी लावली, आरसा घातला, 'आ करा' म्हटलं, आ केला, अन् म्हने, 'गळ्यात काहीच नाही. छान आहे गळा.' हे म्हनतात, 'साहेब, मंग फाटते काहून?' डॉक्टर म्हने, 'महिनाभर बोलायचं नाही. पूर्ण मौन.' मौन! मले! सासूले मात्र ते औषध भल्लं पसंत पडलं. महिना सरला तरी म्हने, 'अजून थोडं घेऊन पाहा, गुन येऊन राहिला.'

अन् ह्यायची माया तं इचारू नका. रोज मले म्हनत, 'शालू, तू घाबरू नोको. मी हाये ना मशीनवर. तू फक्त गाय. बाकी सारं मी पाह्यतो.' मले किती धीर वाटे! म्हटलं, जग काहीही म्हनो, आपला मानूस आपल्या पाठीमागं हाये.

असं चाललं होतं, अन् दिवाळीच्या आंदी सुलोचनाबाई घरी आल्या. सुलोचनाबाई आमच्या मंडळाच्या अध्यक्ष. बोलनं असं गोड, का कापलं तरी उशिरा समजे. चहा घेतला, माझ्या रांगोळीची तारीफ केली, अन् मंग म्हनतात, 'शालू, यंदा करडीच्या मंडईत आपलं भजन हाये, स्पर्धा हाये, तुले माहीतच हाये.' माहीत नसाले काय झालं! भाऊबीज झाली का आपल्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, अन् करडीच्या मंडईत भर दुपारी भजनाची स्पर्धा, सारा तालुका उलटते. मी म्हटलं, 'हौ ना, मी तयारी करूनच राहिली.' तं म्हनतात, 'तू यंदा आराम कर. पुढं मंजुषा गाईन. तू मागं बस ना, टाळ घेऊन.'

मागं! टाळ! अन् पुढं मंजुषा! अवं, ती गाते तं तिच्या नाकातून गाते, तोंड नुसतं हालवते! मी म्हटलं, 'सुलोचनाबाई, एक डाव. करडीले मले गाऊ द्या.' त्यायनं रिकामा कप खाली ठेवला. मंग म्हनतात, 'बरं. करडीले तू. पन तिथं फाटला ना शालू, तं मंग कायमची मंजुषा. मंग रुसाचं नाई.'

त्या गेल्या अन् मी चुलीपाशी बसून रडली. हासू नका, खरंच रडली. काहून माहीत हाये का? मी लगन करून ह्या गावात आली तेव्हा मले नावच नोहतं. देवकाबाईची सून. घनश्यामची बायको. भूषनची माय. नळावर, दळनावर, दवाखान्यात, कोनी मले शालू म्हने ना. भजनाले उभी राह्यली अन् पोंग्यातून पहिल्यांदा आयकू आलं, 'गायिका, शालूबाई.' ते नाव मले ह्या गळ्यानं देल्लं होतं बाप्पा, अन् आता ते टाळाच्या मागं जाऊन बसनार होतं.

अन् त्याच दिवाळीले दामिनी आली. दामिनी म्हंजे माझ्या मोठ्या दिराची पोरगी, नागपूरले इलेक्ट्रॉनिकचं शिकते. आंगनात आमचा सराव सुरू होता, ह्यायनं मशीन लावली होती. दामिनी खाटेवर बसून शेवचिवडा खाऊन राहिली होती. मी गायली, आत्याबाईनं वाजवलं, अन् ती म्हने, 'काकू, मस्त! कुठं फाटून राहिला?' मी म्हटलं, 'माय, इथं नाई फाटत. कार्यक्रमात फाटते.' तं तिनं शेव खाली ठेवली अन् ह्यायले म्हने, 'काका, कार्यक्रमात जसं करता ना, तसंच करून दाखवा.'

अन् आमचे हे... तुमाले सांगते, मी हे मरेपर्यंत इसरनार नाई... आमचे हे कॉलर सारखी करून उठले, मशीनपाशी गेले, अन् आवाजाचं ते मोठं बटन धरलं अन् गर्रकन फिरवलं, पार शेवटापर्यंत! मी गायली, आत्याबाईनं झटकली, अन् खर्रर्रर्र! ओसरीवरचे कबुतरं उडाले!

दामिनी म्हने, 'काका, असं साऱ्याइच्या वेळी करता?' 'छ्या! त्यायले कायले? त्यायले अर्ध्यावर. फुल फक्त आपल्या शालूले!'

मी म्हटलं, 'म्हंजे... तुमी... इतके वर्स... फक्त माझ्याच वेळी?' हे म्हनतात, 'मंग! नवरा हाये का कोन हाये मी? लोकाइच्या बाया अर्ध्यावर गातीन तं माझी बाई फुलवर गायली पाह्यजे!' मी म्हटलं, 'अन् खर्र झालं तं?' 'तं मी अजून रेटो ना! म्हटलं जोर कमी पडून राहिला असन बिचारीचा!' बिचारी! अवं, मी काढा पेली! मी मौन पाळलं! मिरच्याचा धूर खाल्ला! अन् ह्यायचा हात, ह्यायच्या प्रेमाचा हात, त्या बटनावर! आता सांगा, यात माझ्या गळ्याचा काय कसूर?

पन हे कबूल होतीन तं ते घनश्याम कसले. म्हनतात, 'मशीन कमजोर नाई! दंडारीवाल्याइनं ढोलकी आनली तं मी त्यायलेही एक डाव फुल केलं होतं. काई झालं नाई!' दामिनी म्हने, 'बरोबर हाये काका. ताकद भरपूर हाये. चपळाई नाई. तुमच्या मशीनचा स्ल्यू रेट कमी हाये.' मी घाबरली. म्हटलं, 'हा कोनता रोग आनला वं माय?' ती म्हने, 'काकू, आवाज म्हंजे मशीनमध्ये विजेचं चढनं-उतरनं. एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा. त्यातल्या एका तुकड्यात मशीन किती चढू शकते, तो स्ल्यू रेट.' दहा लाख तुकडे! सेकंदाचे! अन् आमची लाखांदूरची एसटी येते सांगून दुपारभर येत नाई, तिले कोनी रेट इचारते का?

मंग तिनं खडू घेतला अन् फरशीवर डोंगर काढले. गोल गोल, एकामागं एक. म्हने, 'ढोलकीचा आवाज म्हंजे असे ऐसपैस डोंगर, मशीन सावकाश चढते, सावकाश उतरते. खंजिरीचा बारीक आवाज म्हंजे हे डोंगर दाटीवाटीनं, जवळ जवळ. अन् फुल केलं का डोंगर उंचही झाले. आता मशीन चढाले लागते, पन माथ्यावर पोचाच्या आंदीच खाली उतराचा हुकूम येते. मंग ती गोल चढतच नाई. सरळ तिरपी वर, सरळ तिरपी खाली.' अन् तिनं त्या गोल डोंगराइवरून रेघा मारल्या, तं झाले ना करवतीचे दात! 'अन् ती अशी धावपळ करत असताना काकू, तुमचा आवाज त्याच्यावरच बसला असते. तोही करवतीखाली जाते.'

मी त्या दाताइकडे पाह्यतच राह्यली. अन् एकाएकी, काय सांगू, माझ्या डोक्यात माझ्या बापाचा माग सुरू झाला! खट खट! मी म्हटलं, 'थांब वं, थांब! धोटा!' ती म्हने, 'काय?' म्हटलं, 'धोटा! मागावर धोटा इकडून तिकडं जाते ना, बान्याचं, आडवं सूत घेऊन? लहानपनी मीच त्या सुताच्या कांड्या भरून द्यो. आता पंचा विनाचा असला, पन्हा एवढासा, तं पायाखालची पावडी किती जलद मारा, धोटा पोचते. लुगड्याचा मोठा पन्हा असला, पन पावडी सावकाश, तरी पोचते. पन मोठा पन्हाही पाह्यजे अन् पावडीही जलद मारली, तं? धोटा अजून मधातच, अन् दुसरी पावडी पडली! सूत तुटलं! मी अशी घाई केली का माझा बाप मले मारे!' मी म्हटलं, 'पन्हा म्हंजे ह्यायचं बटन. पावडी म्हंजे आत्याबाईची खंजिरी. अन् धोटा म्हंजे ही मशीन, भली दमदार, पन हळू!' दामिनी खाटेवरून उठून माझ्या गळ्यातच पडली. म्हने, 'काकू, आमच्या वर्गात असं कोनी सांगतलं असतं तं मी पहिल्याच वर्सी पास झाली असती!' तेव्हा समजलं आम्हाले, का ती पहिल्या वर्सी नापास झाली होती. दिवाळी जराशी खराब झाली ती तेवढ्यानंच.

अन् आमचे हे? खाली बसून त्या खडूच्या रेघाइवर बोट फिरवाले लागले. किती केलं तरी विनकराचा पोरगा, धोटा म्हटल्यावर समजलं त्यायले. हळूच म्हनतात, 'पन पहिल्यानं असं नोहतं होत वं.'

मंग दामिनीनं मशीन खोलली. ह्यायनं डोळे मिटून घेतले, पोटच्या लेकराले टाके मारून राहिले असे. आत एक काळी, ढेकनावानी, आठ पायाची आयसी. दामिनी म्हने, 'काका, ही इथली नाई. ही फार हळू चालनारी हाये. कोनी लावली?' तं कोनी लावली असन? मागं वीज पडली तेव्हा पहिली आयसी जळली होती, अन् ह्यायनं बाजारातून आनून स्वतःच्या हातानं ही लावली! म्हनतात, 'तिलेही आठ पाय होते, हिलेही आठ पाय. खाच्यात बरोबर बसली.' पाय मोजून! तुमाले सांगते, मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, कोळ्यालेही आठ पाय असतेत अन् विंचवालेही आठ पाय असतेत, म्हनून विंचू घरात बसवते का कोनी? आता सांगा, यात माझ्या गळ्याचा काय कसूर?

दामिनीनं नागपूरहून मैत्रिनीच्या हातून दुसरी आयसी बोलावली, जलदवाली. लावली. जुनी आपल्या पर्समध्ये टाकली, म्हने कॉलेजात मास्तरले दाखवते. अन् ह्यायले बजावलं, 'काका, आता करा फुल. बिनधास्त.' आंगनात केलं. कबुतरं उडाले नाई. मी म्हटलं, झालं एकदाचं.

करडीची मंडई. काय गर्दी! टॅक्टरच टॅक्टर, जिलेबीचे घाने, फुग्गेवाले, एकीकडे दंडारीचा नाच, अन् मधात आपला मंडप. सुलोचनाबाई पदर खोचून पहिल्या रांगेत. मंजुषा माझ्या मागं, गळा खाकरून तयार, का हिचा फाटला का मी उठली. मी मशीनकडे पाह्यलं, ह्यायनं मले डोळ्यानं सांगतलं, गाय. अन् बटन फुल.

मी गायली. एक ओळ, दोन ओळी. मंग वर चढली, अन् आत्याबाईनं, साऱ्या जन्माचा राग काढल्यावानी, खंजिरी झटकली... छन्न! अवं, छन्न! अशी साफ छन्न, का त्यातली एक एक चकती येगळी आयकू येऊन राहिली! अन् तिच्या वरून एक आवाज चालला होता... मोठा, गोड, कोठी खरचट नाई, चिरा नाई, सरळ त्या धानाच्या बांध्याइवरून चालला होता. मी पुन्हा दचकली! म्हटलं, हे कोन गाऊन राहिलं? तं मीच! मीच होती ना वं! असा गळा होता माझा, अन् मलेच माहीत नोहतं! डोळ्यातून पानी गळून राहिलं होतं, तोंडातून भजन. पहिला नंबर आला. सुलोचनाबाईनं सर्वाइसमोर मले पोटाशी धरलं. मंजुषानं टाळ खाली ठेवला अन् नाकातून म्हटलं, 'छान झालं.'

गोष्ट इथंच सरली असती तं मी आज असं कायले बडबडली असती? ह्याच्या पुढं आयका. आम्ही मंडपाच्या मागं सामान भरून राहिलो होतो, अन् एक जन आला. म्हने, 'घनश्यामभाऊ, मशीनले काय झालं जी?' हे म्हनतात, 'काहून?' 'दम नाई राह्यला. मागच्या साली कशी कान फाडून टाके!' मी वळूनच पाह्यलं. हा काय बोलून राहिला? तेवढ्यात दुसरा आला, 'आज पोंगे बंद होते का अर्धे?' तिसरा म्हने, 'शालूबाई बऱ्या गायल्या, पन मशीन बसली तुमची.' बसली! अवं, पहिल्यांदा ती उभी राह्यली होती! मी सांगाले गेली, म्हटलं, भाऊ, तो खर्र आवाज म्हंजे मशीनची चूक होती. तं तो माझ्याकडे असा पाह्यते, का बाईले काय समजते मशीनमधलं! त्यायचं कसं, का इतके वर्स खर्र आयकून आयकून, खर्र म्हंजेच जोर, असं डोक्यात बसलं. साफ आवाज आला तं म्हनतात, ताकद गेली.

मोहाडीले परत आलो तं तिथंही तेच. पानठेल्यावर, देवळात, 'घनश्यामची मशीन गेली बावा.' गळा फाटला तेव्हा मशीनले कोनी बोललं नाई, अन् गळा उघडला तं मशीन गेली! आता सांगा, यात त्या मशीनचा तरी काय कसूर?

ह्यायनं बोलनं सोडलं. डॉक्टरनं मौन मले सांगतलं होतं, पाळलं ह्यायनं. मशीन पुसनं बंद. अगरबत्ती बंद. नुसते समोर स्टूलवर बसत अन् बटन फुल करून आपलाच हॅलो हॅलो आयकत. मले इचारत, 'खरंच काई कमी वाटते का वं?' मी म्हनो, 'नाई जी, चांगली हाये.' तं म्हनत, 'तू तं म्हनशीलच.' ताटावर बसत, दोन घास खात, अन् ताट सारत. मले वाटे, जुनी आयसी असती तं मीच लावून देल्ली असती बाप्पा, आठही पाय मोजून. पन ती दामिनीच्या पर्समध्ये, नागपूरले.

मंग नाकाडोंगरीचा कार्यक्रम आला. सप्ता होता, दुपारचं भजन आपलं. ह्यायनं मशीन लावली अन् खाली मान घालून बसले. समोर लोकं बसलेले, दोघं चौघं आपसात कुजबुजत, 'आता पाहा, आवाजच नाई येत.' ह्यायले ते आयकू गेलं. ह्यायनं बटन फुल केलं, अन् माझ्याकडे पाह्यलं. तुमाले सांगते, इतक्या वर्साच्या संसारात ते तोंड मी कधी पाह्यलं नोहतं. मशीन गेल्याचं दुख नोहतं ते, तं आपन काही चांगलं केलं अन् तेच चुकलं, असं झालेल्या मानसाचं तोंड. हाच मानूस, मी मागं राहू नाई म्हनून बटन फिरवत होता. उलटं फिरवत होता, पन फिरवत तं होता!

मले काय झालं, देवाले माहीत. मी डोळे मिटले, अन् पहिल्याच ओळीपासून गळा असा खरडला, असा ओढला, का बाजूले आत्याबाईची खंजिरी थांबली! मी वरडली बाप्पा! घासून, रगडून, पोटाच्या देठापासून! खर्रर्रर्र! मशीननं जसंच्या तसं दिलं, एक खरचट सोडली नाई, शेवटी जलदवाली आयसी ना ती! अन् लोकं? लोकं डुलाले लागले! 'वा घनश्यामभाऊ! आता आली मशीन! आता लागला जोर!' सुलोचनाबाई मागून म्हनतात, 'आता कसा भरून आवाज आला, पहिल्यावानी!' अन् ह्यायचं तोंड... अवं, उजळलं तोंड! कॉलर सारखी केली, मशीनवर हात ठेवला, अन् लोकाइले म्हनतात, 'म्हटलं होतं ना? जराशी सेटिंग होती फक्त!'

घरी आली तं माझ्या गळ्यातून नुसती हवा निघून राहिली होती. पानी मागाचं तं हातानं दाखवाचं. हे समोर बसून मशीन पुसून राहिले होते, अन् गानं गुनगुनून राहिले होते, अन् भाजी दोनदा मागून खाल्ली. लोकं दारावर येत, मशीन सुधरल्याचं सांगत, चहा पेऊन जात. अन् मी आतून पाह्यतच राह्यली. इतक्या वर्सात पहिल्यांदा माझा गळा खरंच फाटला होता... अन् एका मानसानं, एकानं, म्हटलं नाई बाप्पा, का शालूबाईचा गळा फाटला!